शब्दांची शंका

प्रश्न : खानावळीच्या पाटीवर ‘अमर्याद थाळी’ लिहावे की ‘अमर्यादित थाळी’? अर्थ एकच ना?

उत्तर : ‘अमर्यादित’ लिहा. मर्यादा घातली ते मर्यादित, न घातली ते अमर्यादित. मर्यादा घालणारा कुणीतरी आहे आणि इथे त्याने ती घातलेली नाही, हे त्या ‘इत’मुळे कळते. म्हणून करार, मोबाइलचा प्लॅन, थाळी इथे हेच रूप बसते. गृहनिर्माण संस्थेच्या नावापुढचे ‘मर्यादित’ सभासदाच्या दायित्वाबद्दल असते. १९३२च्या भागीदारी कायद्याखालच्या पेढीत हे दायित्व अमर्यादित. पेढी बुडाली तर बँक भागीदाराच्या खासगी मालमत्तेवरही येऊ शकते.

‘अमर्याद’ला आणखी एक छटा आहे. मर्यादा म्हणजे हद्द, तशीच अदबही. ‘तो अमर्याद बोलला’ म्हणजे फार वेळ बोलला असे नव्हे, तोंड सोडून बोलला. सत्ता, हाव, खर्च यांना हा शब्द चपखल. थाळीला लावला तर व्याकरण मोडत नाही, पण कानाला खटकते. (पाटीखाली बारीक अक्षरांत ‘गोड एकदाच’ असेल, तर थाळी मर्यादितच म्हणायची!)

प्रश्न : निवृत्तीच्या मानपत्रात ‘आपण बेसुमार प्रेम दिलेत’ असे लिहिले. एकाने हरकत घेतली. ती बरोबर आहे का?

उत्तर : हो. फारसी ‘शुमार’ म्हणजे मोजदाद; मोजदाद नाही ते बेसुमार. मुळात यात निंदा नाही. पण वृक्षतोड, वाळूउपसा, भाववाढ यांच्या संगतीत राहून मराठीत हा शब्द बदनाम झाला. मानपत्रात ‘अपार’ किंवा ‘निस्सीम’ घ्या. अपार म्हणजे पैलतीर नसलेले. ते प्रेमाला चालते, कष्टाला आणि दुःखालाही. निस्सीम मात्र भक्ती, निष्ठा, प्रेम एवढ्यापुरतेच. ‘निस्सीम दुःख’ कुणी म्हणत नाही. पैसा आणि पीक अमाप, नुकसान अपरिमित. कार्यक्रमांच्या बातम्यांत हटकून दिसणारी ‘असंख्य गर्दी’ तर साफ चूक. असंख्य, अगणित ही विशेषणे सुट्या मोजता येणाऱ्या गोष्टींना लागतात : असंख्य माणसे, अगणित तारे. गर्दी अलोट असते.

प्रश्न : निःसीम की निस्सीम?

उत्तर : दोन्ही शुद्ध. निः + सीमा; पुढे ‘स’ आला की विसर्ग तसाच राहतो किंवा त्याचा ‘स्’ होतो. एका मजकुरात एकच रूप ठेवा. ‘निसीम’ चूक, कारण त्यात विसर्गही नाही आणि जोडाक्षरही नाही. ‘निस्सिम’ही चूक, सीमेतला ‘सी’ दीर्घ आहे. टंकताना विसर्गाच्या जागी अपूर्णविराम पडत नाही ना, तेवढे पाहा. दिसायला दोन्ही सारखेच, पण मग संगणकावर शोधताना तो शब्द सापडत नाही.