ड्रमच्या मागे कोण बसलंय?

प्रश्न : गायक चेस्टर गेल्यावर लिंकिन पार्क या रॉक बँडने नाव बदलायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. त्याच्या जागी आलेली एमिली आर्मस्ट्राँग चांगली गाते, पण हा तोच बँड आहे का?

उत्तर : तुमचं दुःख समजतं मला, 2017 च्या जुलैमध्ये चेस्टर बेनिंग्टन गेला तेव्हा कित्येक महिने मला त्यांचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकवत नव्हतं. तरी नाव बदलायचं पटत नाही, कारण 2024 चा 'फ्रॉम झीरो' अल्बम ऐकलात तर एमिली चेस्टरची नक्कल करायला जातच नाही, तिचं ओरडणं तिचं स्वतःचं आहे, आणि झीरो हे तर बँडचं अगदी पहिलं नाव, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय हे त्यांनी उघडच सांगून टाकलंय. मला खुपतं ते वेगळंच. सगळे गायिकेवरून भांडत बसले आणि रॉब बोर्डन दिसत नाही याबद्दल फारच थोडे बोलले! सुरुवातीपासून ड्रमवर तोच होता ना? तो स्वतःहून लांब झाला, कॉलिन ब्रिटन आला, तो वाजवतो छानच, पण रॉबचा तो मोजूनमापून पडणारा हात जुन्या गाण्यांत मला लगेच आठवतो.

प्रश्न : ओअ‍ॅसिस बँडवाले नुसते पैशासाठी एकत्र आले का?

उत्तर : पैसा होताच, पण 2009 मध्ये पॅरिसला शोच्या आधी भांडून वेगळे झालेले बँडमधले दोघे गॅलाघर भाऊ 4 जुलै 2025 ला कार्डिफच्या स्टेजवर एकत्र उभे राहिले यावर मी खूश आहे, नवीन गाणी नसली तरी चालेल. चीड आली ती तिकीटविक्रीची. तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबायचं आणि नंबर लागल्यावर भाव दुपटीहून जास्त, हे फॅनच्या प्रेमाचा फायदा उठवणं झालं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

प्रश्न : दिवंगत ड्रमर नील पर्टशिवाय रश बँड? तुम्ही मागे लेड झेपेलिन बँडचं कौतुक केलं होतं, ते थांबले म्हणून. मग आता काय म्हणाल?

उत्तर : हा प्रश्न मी स्वतःलाच खूप दिवस विचारतोय. झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम 1980 च्या सप्टेंबरमध्ये गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात झेपेलिनने संपवलं, पुढे 2007 मध्ये लंडनला एक पूर्ण शो केला तोही बॉनमच्या मुलाला, जेसनला, ड्रमवर बसवून, आणि त्यानंतर जगभरातून मागणी असूनही टूर नाही केली, ते मला आजही बरोबर वाटतं. पण रशचं गणित निराळं आहे हो. पर्ट ड्रमर होता तसा गीतकारही होता, त्यामुळे त्याच्यानंतर नवीन अल्बम काढला असता तर मी विरोधच केला असता. इथे रशचे उरलेले दोघे, गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन, 2026 च्या टूरमध्ये जुनीच गाणी वाजवायचं म्हणतायत, सोबत ड्रमवर जर्मनीची अनिका निलेस, जी 2022 मध्ये गिटारिस्ट जेफ बेकच्या बँडमध्ये होती. आणि सुरुवात कुठे, तर लॉस एंजेलिसच्या फोरम सभागृहात, जिथे 1 ऑगस्ट 2015 ला पर्टने शेवटचं वाजवलं! जिथे थांबले तिथूनच परत निघणं, मला हे वाचूनच भरून आलं. अनिकाने पर्टचा प्रत्येक रोल जसाच्या तसा काढावा अशी अपेक्षा मात्र धरू नका, तिचा हात तिचा राहू दे.

आणि मूळ माणूस हयात असेल तर त्यालाच बोलवा. ब्लॅक सॅबथ बँडने 2013 चा अल्बम आणि निरोपाची टूर मूळ ड्रमर बिल वॉर्डशिवाय केली ते मला कधीच पटलं नाही, शेवटी 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमला मूळ चौघं एकत्र आले आणि सतराच दिवसांनी त्यांचा गायक ऑझी गेला. थोडा जरी उशीर झाला असता तर?

प्रश्न : नवीन काय ऐकू? रीयुनियनचा कंटाळा आला.

उत्तर : द क्युअर बँडचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' अल्बम, 2024 चा, सोळा वर्षांनी आलेला. पहिल्या गाण्यात गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो, तोपर्यंत पुढे ढकलू नका, जेसन कूपरचे ते संथ जड ड्रम नीट ऐका.