बिघाडांची वही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बारावीनंतर महाविद्यालयाचे एक वर्ष करून तू शिक्षण सोडलेस, घरचे पाच एकर कोरडवाहू वावर आहे, गावातल्या सेवा केंद्रात बसून तू लोकांना सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले काढून देतोस, आणि हातात पदवी नसताना आयटी सपोर्टच्या कामात शिरता येईल का, असे विचारतोस. शिरता येईल. मी स्वतः बारावीच्या पुढे शिकलेलो नाही आणि गेली वीस वर्षे याच कामावर माझे घर चालते. आता नागपुरात नव्या मुलांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे असते, त्यामुळे मुलाखत देणारा आणि घेणारा अशा दोन्ही नात्यांनी मी हे लिहीत आहे.

तुझ्या पत्रातले एक वाक्य मला खटकले. ‘मला तसे काहीच येत नाही’ असे तू लिहिलेस, आणि त्याच्या दोनच ओळी वर लिहिलेस की लाईन जाऊन आली की केंद्रातल्या संगणकाची तारीख मागे जायची, सरकारी संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडायचेच नाही, आणि तू मदरबोर्डवरचा बटनासारखा सेल बदलल्यावर ते थांबले. अरे, हेच तर काम आहे. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, संगणकाची तारीख चुकली की ते प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते, आणि तारीख टिकवणारा सेल संपला की वीज गेल्यावर ती पुसली जाते. ही साखळी जोडणारा मुलगा मला मुलाखतीत दहातून एकदा भेटतो. तू ती जोडलीस, पण कुठे लिहून ठेवली नाहीस, म्हणून तुझ्या स्वतःच्याही हिशेबात ती आली नाही.

म्हणून पहिले काम हे कर. एक दोनशे पानी वही घे आणि प्रत्येक बिघाडाला एक पान दे. तारीख, कोणते यंत्र, माणसाने तक्रार कोणत्या शब्दांत सांगितली, तू आधी काय पाहिलेस, काय करून पाहिलेस, शेवटी कारण काय निघाले आणि वेळ किती लागला, एवढे लिही. मोठ्या कंपन्यांत याच नोंदीला तिकीट म्हणतात आणि नव्या माणसाला पहिले सहा महिने तीच नीट लिहायला शिकवावी लागते. ज्याच्याकडे पदवीचा कागद नाही, त्याला आपले काम दाखवता आले पाहिजे, आणि सपोर्टच्या कामात दाखवण्यासारखी वस्तू ही वहीच आहे.

या वहीची गरज मला किती महागात पडून कळली, ते सांगतो. दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाटच्या बाजूला जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. अशाच एका हंगामात एका जिनिंगच्या वजनकाट्यावरचा संगणक सुरू केल्यावर थोड्या वेळाने आपोआप बंद पडू लागला. मी पहिल्या दिवशी विंडोज नव्याने टाकली. दुसऱ्या दिवशी एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलला आणि त्याचे पैसेही घेतले. तिसऱ्या दिवशी संगणक तसाच बंद पडला. तेव्हा काट्यावरच्या बाबूने सहज सांगितले की सकाळी तो वीस मिनिटे टिकतो आणि दुपारी दहाच मिनिटे. मी कॅबिनेट पुन्हा उघडले आणि टॉर्च लावला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू बसून बसून त्याची एक जाड पट्टी झाली होती आणि नखाने उचलताच ती गादीतल्या रुईसारखी सलग निघून आली. हवा आत जायला वाटच उरली नव्हती. प्रोसेसर तापत होता आणि जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होत होता. ब्रशने सफाई केली, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली आणि काटा सुरू झाला. कॅबिनेट मी आदल्या दिवशीही उघडले होते, परंतु एसएमपीएस बदलायचा हे आधीच ठरवून उघडल्यामुळे पंख्याकडे माझी नजरच गेली नाही. एसएमपीएसचे पैसे मी परत केले, पण त्या तीन दिवसांत ज्या शेतकऱ्यांनी गाडीखाली रात्र काढली त्यांचा वेळ मला परत करता आला नाही. ‘किती वेळाने बंद पडतो?’ हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर आहे.

मुलाखतीतही आम्ही नेमके हेच तपासतो. ‘इंटरनेट चालत नाही’ अशी तक्रार आली तर तू काय करशील, असे मी विचारतो. बहुतेक मुले ‘राउटर बंद करून चालू करीन’ एवढे सांगून थांबतात. मला क्रम ऐकायचा असतो. एकाच संगणकावर बंद आहे की सगळीकडे? केबल नीट बसली आहे का, पोर्टचा दिवा लागतो का? संगणकाला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, कोणता मिळाला आहे? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, मग बाहेर शोधण्यात अर्थ नाही. पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश, जाते का, नंतर बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला जाते का? तिथवर जात असूनही नाव टाकल्यावर पान उघडत नसेल, तर दोष बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत, आहे. प्रत्येक पायरीवर निम्मी शक्यता बाद होत जाते. केंद्रात रेंज गेल्याची ओरड रोज होत असेल, तिथेच याचा सराव कर.

अभ्यासासाठी सध्या पैसे खर्च करू नकोस. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे प्राथमिक अभ्यासक्रम आणि मायक्रोसॉफ्ट लर्न फुकट आहेत. ते इंग्रजीत आहेत, म्हणून रोज एक पान वाचून त्याचा सारांश दोन-चार इंग्रजी वाक्यांत लिहीत जा, कारण पुढे ईमेल आणि तिकिटे इंग्रजीतच लिहावी लागतील. कॉम्प्टिया ए प्लस या परीक्षेला शिक्षणाची अट नाही, तिचे दोन पेपर असतात, पण शुल्क आपल्या खिशाला जड आहे. ती पहिल्या नोकरीच्या पगारातून दे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागत असल्यामुळे तालुक्यातल्या कितीतरी जुन्या संगणकांचे काय करायचे हा प्रश्न लोक तुलाच विचारतील. त्याचे उत्तर तयार ठेव. क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याशिवायची, विंडोज मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी बसवून देऊ नकोस.

दुसऱ्याच्या संगणकात त्याचे आधार कार्ड, बँकेची कागदपत्रे, घरच्या बायामाणसांचे फोटो असतात. कामापुरते उघडावे आणि पाहिलेले विसरावे. फॉरमॅट करण्याआधी डेटा दुसरीकडे उतरवून, तो उघडतो की नाही हे मालकाला डोळ्यांनी दाखवावे. यात कुचराई केलेल्या मुलाला मी दुसरी संधी दिलेली नाही.

मोठ्या आयटी कंपन्यांत अर्ज करशील तेव्हा पदवीची अट बहुतेक ठिकाणी आडवी येईल, हे तुझ्यापासून लपवत नाही. तुझे दार वेगळे आहे. बँका, शाळा, दवाखाने, जिनिंग यांच्या संगणकांची वार्षिक देखभाल घेणारे छोटे कंत्राटदार वर्धा, यवतमाळ, अमरावती, नागपूर इथे असतात आणि त्यांना फील्डवर फिरणारी, वेळ पाळणारी मुले हवी असतात. पगार सुरुवातीला कमी असतो, म्हणून पेट्रोलचे पैसे वेगळे मिळतात की पगारातच धरले आहेत, हे पहिल्याच दिवशी विचार. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नकोस. अनुभवाचा खोटा दाखला विकत घेऊ नकोस, कारण तपासणीत तो उघडा पडतो आणि मग खरे कामही कोणी मोजत नाही. नोकरी स्थिरावली की यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण कर. पहिल्या नोकरीला ती नसली तरी चालेल, परंतु सात-आठ वर्षांनी बढतीच्या वेळी ती मागितली जाते, आणि मी ती न केल्याची किंमत एकदा मोजली आहे.

पोळ्याला मी गावी येणार आहे. तोवर वहीची वीस-पंचवीस पाने भरलेली असू देत, आणि ज्या बिघाडांचे कारण तुला सापडले नाही त्यांचीही पाने फाडू नकोस, कारण आपण ओट्यावर बसून आधी तीच वाचणार आहोत.

तुझा,
काका