मुलीचा कान वाहतो आणि कॅनडाला निघालाय, म्हणून

ताई, मिस्टरांना टोरंटोजवळ नोकरी लागलीय, मुलीचा कान सारखा वाहतो, तिकडं दवाखान्याचं कसं, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही खानापूरच्या, मी शहापूरची. व्हिसाचं आणि थंडीच्या कपड्यांचं सांगणारे पुष्कळ भेटतील, मी कानाचंच सांगते.

बेळगावात सकाळी केसपेपर काढला की दुपारपर्यंत कानाच्या डॉक्टरांनी बघितलेलं असतं. इथं कॅनडात तसं थेट जाता येत नाही. फॅमिली डॉक्टर फॅक्स करणार, हो, अजून फॅक्सच, आणि तिकडून बोलावणं येईपर्यंत आपण थांबायचं. ओहिपचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड असलं की डॉक्टरांची फी द्यावी लागत नाही, पण महिने जातात.

माझा मुलगा पहिलीत होता. लक्ष देत नाही, सांगितलेलं कळत नाही, असं शाळेतून आलं. घरी मराठी बोलता म्हणून इंग्रजी कच्चं, असं ठरवून त्याला ईएसएलला, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वर्गाला, बसवलं. ते मला आजही पटलेलं नाही. फॅमिली डॉक्टरना कानाच्या पडद्यामागं पाणी साठल्यासारखं वाटलं, त्यांनी स्पेशालिस्टला फॅक्स केला. मग काहीच नाही. फोन लावला की रेकॉर्डिंग. चौथ्या महिन्यात कळलं, फॅक्स पोचलाच नव्हता. परत पाठवला. एकदा नंबर न दिसणारा फोन आला, मी कामावर होते, उचलता आला नाही. तारीख दुसऱ्याला गेली. शेवटी मी तिथं जाऊन उभी राहिले. काचेमागच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, फोनवर बोला. मी तिथंच उभं राहून नंबर लावला. त्यांच्या कोपराशी फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही.

तुम्ही फॅक्स गेला की दोन दिवसांनी पोचला का विचारा, आणि कुणाशी बोललात ते वहीत लिहून ठेवा. ऑडिऑलॉजिस्टकडं, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्याकडं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जाता येतं, पैसे पदरचे जातात, तरी जा. मला हे फार उशिरा कळलं. निघण्याआधी बेळगावात मुलीची ऐकण्याची तपासणी करून रिपोर्ट इंग्रजीत घ्या. लसींचं कार्डही आणा, शाळा मागते. जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर भाषांतर करून आणा. माझ्या पासपोर्टवर बेळगाव, मुलाच्या दाखल्यावर बेळगावी. 2014 साली गावाचं नाव बदललं हे मी इथल्या खिडकीवर तीनदा समजावलंय.

एकटं वाटतं, पण त्यातून निभावतं.

निभावलं नाही ते वेगळंच. ते सगळे महिने मीही त्याला हट्टी समजत होते. जेवायला हाक मारली की तो टीव्हीसमोरून हलायचा नाही. एकदा जाऊन पाठीत धपाटा घातला आणि ओरडले, "ऐकू येत नाही काय तुला?" तो वळून म्हणाला, "काय?"

आता कानात नळ्या घालून झाल्या, चांगलं ऐकतो. तरी मी बोलायला लागले की आधी माझ्या ओठांकडं बघतो.