प्लाझा ठरतो बेसमेंटमध्ये

अरे,

तुझे रेंडर, म्हणजे बिल्डिंग कशी दिसेल त्याची चित्रं, बघितले, दोनदा बघितले. टॉवर छान उभा राहिलाय, वर जाताना फ्लोअर प्लेट, म्हणजे मजल्याचा विस्तार, थोडी थोडी आत घेतलीयस तेही आवडलं. पण तू विचारलंयस प्लाझाचं, टॉवरच्या पायथ्याशी लोकांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेचं. आणि प्लाझात मला दिसतात एक फुगेवाली मुलगी, एक सायकलवाला, हसत जाणारे दोन ऑफिसवाले आणि बारा मोठी झाडं, बसायला मात्र कुठेच काही नाहीये. ती फुगेवाली मुलगी सगळ्यांच्याच रेंडरमध्ये असते बरं का, मी इतकी वर्षं तिला बघतेय, ती काही मोठी होत नाही.

झाडांपासून सुरू करते. तुझा सेक्शन (बिल्डिंग उभी कापून दाखवलेलं ड्रॉइंग) उघडला तर प्लाझाखाली पूर्ण प्लॉटभर पहिलं बेसमेंट आणि त्याच्यावरचा स्लॅब लॉबीच्या लेव्हललाच सपाट आलाय. म्हणजे फरशी, तिच्याखालचा बेडिंगचा थर आणि वॉटरप्रूफिंग सोडलं तर मातीला जागा उरली शून्य, आणि रेंडरमध्ये मात्र दोन मजली झाडं. मोठ्या झाडाला निदान सव्वा-दीड मीटर माती हवी, ओली माती घनमीटरला जवळजवळ दोन टन भरते, म्हणजे दर चौरस मीटरला तीन टनांच्या आसपास लोड झालं, झाडाचं वजन वेगळंच. हे स्ट्रक्चरवाल्याला आत्ता सांगितलंस तर तो तेवढ्या पट्ट्यात स्लॅब खाली घेईल, बीम वाढवेल, खाली उंची कमी पडली तर तिथे टू-व्हीलर लावता येतील, थोडी कुरकूर करेल पण करेल. सहा महिन्यांनी सांगितलंस तर झाडांच्या जागी ग्रॅनाइटच्या चौकोनी पेट्या येतील आणि त्यात गुडघ्याएवढी झुडपं.

मला या पत्रात खरं तर एवढंच सांगायचंय की प्लाझा लँडस्केपच्या ड्रॉइंगवर ठरत नाही. ते ड्रॉइंग टेबलावर येईपर्यंत स्ट्रक्चर, पार्किंग, एमईपी (वीज, पाणी, हवा), फायर आणि सिक्युरिटीवाल्यांनी तो ठरवून टाकलेला असतो, आपण उरलेल्या तुकड्यांवर हिरवा रंग मारतो.

मी हे कसं शिकले ते सांगते, तेव्हा मी तुझ्याएवढीच होते. एका टॉवरच्या प्लाझात मी एक लांब दगडी बाक काढला होता, दगड मी स्वतः निवडलेला, कडा हाताने घासून गोल करून घेतलेल्या, फार प्रेम होतं त्याच्यावर. एमईपीच्या शीटवर बाकाच्या मागे एक फुली मारलेला चौकोन होता, मी तो रोज बघत होते आणि तो बेसमेंटच्या एक्झॉस्टचा शाफ्ट आहे हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. बिल्डिंग सुरू झाल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. एक माणूस आला, बॅग ठेवली, बसला, फोन काढला, मग मानेवरून हात फिरवला, मागे वळून शाफ्टच्या लुव्हरकडे, म्हणजे पट्ट्यांच्या जाळीकडे, बघितलं, बॅग उचलली आणि गेला. गाड्यांच्या धुराचा गरम झोत बरोबर मानेच्या उंचीवर येत होता! पुढच्या वेळी गेले तेव्हा बाक तसाच रिकामा, आणि सिक्युरिटीवाल्याने आपली प्लॅस्टिकची खुर्ची लांब त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली होती जिथे सावली पण होती आणि येणारी-जाणारी माणसं पण दिसत होती. सगळ्या प्लाझात बसायची चांगली जागा कुठली हे त्याला कळलं होतं, मला नव्हतं. तेव्हापासून मी कुठल्याही बिल्डिंगला गेले की आधी वॉचमनची खुर्ची कुठे आहे ते बघते.

आता जे टॉवर जमिनीवर जमलेत त्यांच्याकडे या नजरेने बघ. हाँगकाँगमधली एचएसबीसीची बिल्डिंग, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर यांची, १९८५ ची. तिचे मजले बाहेरच्या मास्ट्सवरून, म्हणजे उंच खांबांवरून, टांगलेले आहेत म्हणून खाली जमीन मोकळी सुटली, माणूस बिल्डिंगच्या पोटाखालून या रस्त्यावरून त्या रस्त्यावर जातो. आणि दर रविवारी तिथे घरकाम करणाऱ्या बाया, बहुतेक फिलिपिन्समधून आलेल्या, पुठ्ठे अंथरून दिवसभर बसतात, गप्पा मारतात. हे कोणाच्या ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटच्या मागण्यांच्या यादीत, नसणार, पण छप्पर आणि मोकळी जमीन मिळाली म्हणून झालं आणि ती मिळाली ती स्ट्रक्चरमुळे. लंडनचा लेडनहॉल टॉवर घे, २०१४ चा, त्यात लिफ्टचा कोअर, म्हणजे गाभा, नेहमीसारखा मधोमध नाही, उत्तरेला सरकवलाय, म्हणून खालचे साधारण सात मजले उघडे ठेवता आले. न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प सेंटरला, १९७७, कोपऱ्यावरचं चर्च तिथेच ठेवायचं होतं तर खांब कोपऱ्यातून काढून प्रत्येक बाजूच्या मधोमध आणले आणि अख्खा टॉवर नऊ मजले वर उचलला. (त्याच्या सांध्यांचा पुढे जो घोळ निघाला आणि १९७८ मध्ये रात्री-रात्री गुपचूप वेल्डिंग करावं लागलं ती गोष्ट भेटलास की सांगेन, स्ट्रक्चरवाल्यांना चिडवायला बरी आहे.) तुझा कोअर अजून फ्रीज, म्हणजे पक्का, नाहीये ना? मग आत्ताच विचार, कारण लॉबीतून आरपार जाता येईल की नाही हे त्यावरच आहे.

क्लायंट म्हणेल एवढी जागा सोडलीय ना, अजून काय पाहिजे. नुसती जागा सोडून काय होतं ते न्यूयॉर्कने करून बघितलंय. १९५८ मध्ये सीग्राम बिल्डिंग रस्त्यापासून मागे घेऊन पुढे मोकळा प्लाझा ठेवला, तो लोकांना आवडला, मग १९६१ च्या नियमांत प्लाझा द्या आणि जास्तीचा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, घ्या अशी सोय झाली. बिल्डरांनी एफएसआय घेतला आणि दिलं काय तर उघडी फरशी. २००० मध्ये शहर-नियोजनाचे प्राध्यापक जेरोल्ड केडन आणि शहराच्या लोकांनी मिळून मोजणी केली तेव्हा ३२० बिल्डिंगच्या अशा ५०३ जागा निघाल्या आणि त्यातल्या ४१ टक्के जवळजवळ निरुपयोगी. गंमत म्हणजे खुद्द सीग्रामच्या कठड्यांवर लोकांनी बसू नये असाच विचार होता, तिच्या आर्किटेक्टांपैकी एक, फिलिप जॉन्सन, यांनीच नंतर ते सांगितलं, लोक तरी बसलेच. कठड्याची उंची बसण्यासारखी होती, झालं.

बसण्यावरून आठवलं, लोक शहरातल्या जागा कशा वापरतात याचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात या प्लाझांवर कॅमेरे लावून माणसं मोजली होती. लोक बसायला जागा असते तिथे बसतात असा त्यांचा निष्कर्ष, ऐकायला अगदी बावळट वाटतो पण तुझ्या रेंडरला तेवढाही लागू होत नाहीये बघ. त्यांचं एक माप मी आजही वापरते, कठडा ३० इंच खोल ठेव, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून माणसं बसू शकतात. तू झाडांभोवती काढलेल्या कडा १५० मिलिमीटरच्या आहेत, त्यावर कबूतर बसेल. आणि हलवता येणाऱ्या खुर्च्या माग. क्लायंट चोरीचं बोलेल, बोलू दे. माणूस खुर्ची चार इंच सरकवून मगच बसतो, का ते विचारू नकोस, तूही करतोस.

वाऱ्याचं थोडक्यात. उंच सपाट भिंतीवर आपटलेला वारा खाली उतरतो आणि कोपऱ्याला जोर धरतो, तुझं मुख्य दार नेमकं कोपऱ्यात आहे. लीड्सच्या ब्रिजवॉटर प्लेसपाशी २०११ मध्ये वाऱ्याने लॉरी उलटून एका पादचाऱ्याचा जीव गेला, पुढे रस्त्यावर वारा अडवायला मोठाले बॅफल लावावे लागले. विंड टनेल टेस्ट (मॉडेलवर वारा सोडून बघणं) मासिंग, म्हणजे बिल्डिंगचा ढोबळ आकार, फ्रीज व्हायच्या आधी कर, नंतर केलीस तर फक्त रिपोर्ट मिळतो.

आणि तो तिसाव्या मजल्यावरच्या 'पब्लिक टेरेस'चा स्लाइड, तो बघून मी जरा हसले. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीटच्या माथ्यावर तशी बाग आहे, फुकट आहे, सुंदर पण आहे, पण जायचं तर साधारणपणे आधी बुकिंग करा मग एअरपोर्टसारखं चेकिंग. ज्याला दहा मिनिटं पाय मोकळे करायचेत तो कशाला वर जाईल. टेरेस ठेव, ऑफिसवाले वापरतील, फक्त तिला पब्लिक जागेच्या हिशेबात धरू नकोस आणि कोणी धरत असेल तर मीटिंगमध्ये बोल.

सिक्युरिटीच्या मीटिंगला जातोस का? जा. बोलार्ड (गाड्या अडवणारे खांब) कुठे, टर्नस्टाइल (फिरतं फाटक) कुठे, आणि मुख्य म्हणजे गार्डला लेखी काय सांगितलंय, कोणाला उठवायचं, फोटो काढू द्यायचे का, गेट किती वाजता लावायचं. ही एक पानाची नोट बहुतेक ठिकाणी फॅसिलिटीवाला शेवटच्या आठवड्यात लिहितो. ती तू लिही, आत्ता, आणि ड्रॉइंगच्या सेटमध्ये घाल. हसतील, हसू देत.

तर पुढच्या वेळी रेंडर पाठवू नकोस. बेसमेंटचा सेक्शन पाठव, त्यावर सगळे शाफ्ट, फायर टेंडरचा (आगीच्या बंबाचा) रस्ता आणि मातीची खोली लाल पेनने काढून. पूर्वेकडचा रॅम्प प्लॅनमध्ये एका जागी वर येतो आणि सेक्शनमध्ये दुसऱ्या, त्यातलं खरं कुठलं ते आधी कळव, कारण दुसरं खरं असेल तर गाड्या फुगेवाल्या मुलीच्या अंगावरच येतायत.

ताई