साथीचा आजार पसरलेला असताना छातीत दुखलं तर हॉस्पिटलात जायचं की नाही? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डॉक्टर नमस्कार. लॉकडाऊनमधली गोष्ट आहे. बाबांच्या छातीत संध्याकाळपासून जड जड वाटत होतं, घामही आला होता, पण ते म्हणाले गॅस झालाय, आणि हॉस्पिटलात नेलंत तर तिकडूनच कोरोना घेऊन येईन. दुसऱ्या दिवशी रात्री धाप लागली तेव्हा नेलं. तिथे आधी स्वॅब, मग रिपोर्टची वाट, मग अँजिओप्लास्टी. स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) बसला पण टुडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग 30 टक्के निघालं. एका दिवसाने एवढा फरक पडतो का? आणि परत अशी साथ आली तर आम्ही काय करायचं?

उत्तर: ताई, हो, पडतो. एका दिवसाने काय, दोन-तीन तासांनीसुद्धा पडतो. हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने पूर्ण बंद झाली की साधारण अर्ध्या तासात त्या भागातला स्नायू मरायला लागतो आणि सहा तासांत त्यातला बराचसा गेलेला असतो, मग नंतर नळी उघडून फायदा होतो पण मेलेला स्नायू काही परत येत नाही, त्या जागी व्रण तयार होतो आणि तो भाग आकुंचन पावत नाही. तुमच्या बाबांचं पंपिंग 30 वर आलं ते यामुळे (पंपिंग म्हणजे हृदय एका ठोक्यात आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं ते, नॉर्मल 55 च्या वर असतं). पण औषधं नियमित घेतली तर अटॅकनंतरच्या काही महिन्यांत पंपिंग थोडं सुधारू शकतं, त्यामुळे तो आकडा कायमचा धरून बसू नका, त्यानंतर इको केला नसेल तर आता परत करा.

बाबांसारखा विचार जगभर लोकांनी केला. 2020 च्या मार्चमध्ये इटलीत एका आठवड्याची मोजणी झाली तर हार्ट अटॅकने दाखल झालेले पेशंट आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यापेक्षा 48 टक्क्यांनी कमी निघाले. आता अटॅक काही निम्मे होत नाहीत, माणसं घरी बसली. आणि जी आली त्यातल्या मोठ्या अटॅकवाल्यांचं (म्हणजे नळी पूर्ण बंद झालेल्यांचं) मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांवरून जवळपास 14 टक्क्यांवर गेलं होतं. आम्ही डॉक्टर लोक या आकड्यांनी अजून अस्वस्थ होतो, कारण यातले कितीतरी जण वेळेत आले असते तर वाचले असते.

हॉस्पिटलच्या बाजूनेही उशीर झाला, ते लपवण्यात अर्थ नाही. एरवी पेशंट दारात आल्यापासून 90 मिनिटांच्या आत नळी उघडायची असं आमचं टार्गेट असतं. साथीत कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या) टीमला आधी लेड एप्रन, त्यावर पीपीई किट, दोन-दोन ग्लोव्हज, गॉगलवर वाफ धरलेली, त्यात मनगटातून वायर घालायची, आणि केस संपली की अख्खी रूम पुसून निर्जंतुक होईपर्यंत पुढचा पेशंट आत घेता येत नाही. स्टाफ आजारी, आयसीयूचे बेड कोविडला दिलेले. पण इसीजीत मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल तर स्वॅबच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, पेशंट पॉझिटिव्ह आहे असं धरूनच काम सुरू करायचं. कॅथलॅब वेळेत मिळणारच नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन हा चांगला पर्याय आहे, ते पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त काम करतं. ज्यांना चालत नाही त्यांची कारणं वेगळी (अलीकडे झालेला मेंदूतला रक्तस्राव वगैरे), ते डॉक्टर बघतात.

पुढच्या वेळी एवढंच करा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, गार घाम, अचानक धाप, यातलं काही 10-15 मिनिटं राहिलं तर अॅम्ब्युलन्स बोलवा, ॲस्पिरिन चघळायला देऊ का ते फोनवरच विचारा, आणि बाबा गॅस म्हणाले तरी ऐकू नका. डायबेटिस असलेल्यांना, बायकांना, वयस्कर माणसांना कधीकधी दुखत नाही, नुसतं गळून गेल्यासारखं होतं, मळमळतं. तिथेही इसीजी हवाच. जुनी डिस्चार्ज फाईल, गोळ्यांची यादी आणि आधीचा इसीजी एका पिशवीत ठेवा, जुना इसीजी शेजारी ठेवला की नवीन बदल आम्हाला लगेच दिसतो. आणि साथीच्या आजाराची लस हार्ट पेशंटने आधी घ्यावी, कारण इन्फेक्शनमुळे स्वतःच अटॅक येऊ शकतो. साध्या फ्लूनंतर पहिल्या आठवड्यात अटॅकचा धोका सहापट वाढतो असं 2018 मध्ये कॅनडातल्या अभ्यासात दिसलं होतं.

प्रश्न: आईच्या हृदयाच्या व्हॉल्व्हचं (झडपेचं) ऑपरेशन साथीमुळे दोनदा पुढे ढकललं होतं. हॉस्पिटलवाले हे कसं ठरवतात? आम्ही नुसतं वाट बघत बसायचं का?

उत्तर: नाही, बसायचं नाही. यादी लावताना त्यांच्याकडे तुमचा जुना रिपोर्ट असतो, आईची आजची तब्येत नसते, ती तुम्हीच कळवायची. महाधमनीचा व्हॉल्व्ह खूप अरुंद झालेल्या माणसाला चालताना धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं यातलं एक जरी सुरू झालं तरी ते ऑपरेशन आता 'नंतर बघू' वालं राहत नाही. त्याच दिवशी फोन करा, हे शब्द वापरून सांगा, आणि सांगितलेलं फाईलवर लिहून घ्यायला लावा. रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत दोन किलो वाढलं म्हणजे अंगात पाणी साठतंय.

प्रश्न: कोरोनात बीपीच्या काही गोळ्या धोकादायक आहेत असा मेसेज फिरत होता, मी रामिप्रिल बंद केली होती. बरोबर होतं का?

उत्तर: बंद करायला नको होती. विषाणू पेशीत ज्या दारातून शिरतो त्याच्याशी या गोळ्यांचा संबंध असावा अशी तेव्हा शंका होती, पण युरोपातल्या हृदयरोग तज्ज्ञांच्या संघटनेने 2020 च्या मार्चमध्येच गोळ्या चालू ठेवा असं सांगितलं, आणि नंतर ब्राझीलमध्ये चाचणी झाली त्यात गोळी थांबवून काही फायदा दिसला नाही. अजून बंदच असेल तर या आठवड्यात बीपी तपासून डॉक्टरांशी बोला, मनाने जुन्या डोसवर सुरू करू नका. आणि स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी दुकानात मिळत नाही म्हणून एक दिवससुद्धा सोडायची नाही, साथीच्या दिवसांत घरात महिन्याभराचा स्टॉक असू द्या.