भिंतीकडे जा

गुरुवारी रात्री तू तुझी हर्लिंगची काठी, ती हर्ली, माझ्या पोर्चमध्ये टेकवलीस आणि न घेताच घरी गेलास. विसरून गेलास असं तुझ्या आईला वाटतं. मला नाही वाटत. अडीच फुटांची पहिली हर्ली हातात आली तेव्हा तू ती उशाशी घेऊन झोपायचास. असा मुलगा हर्ली विसरत नाही.

"बास झालं आता, मावशी," एवढंच बोललास आणि चहा अर्धा टाकून उठलास. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण बोलले असते तर आवाज चढला असता. म्हणून लिहिते आहे. देवनागरी तुला अडखळत का होईना वाचता येते, अडेल तिथे आई वाचून दाखवेल. तिला एकही ओळ गाळू देऊ नकोस. काही ओळी तिच्याबद्दलही आहेत.

लिमरिक काउंटीच्या वीस वर्षांखालच्या संघातून, अंडर-ट्वेंटी पॅनेलमधून, तुझं नाव गळलं. दोन ओळींचा मेसेज आला, शेवटी "थँक्स फॉर युअर एफर्ट". पुढच्या वर्षी नक्की होईल असं मी म्हणणार नाही. होईल किंवा नाही होणार. त्याबद्दल मला फारसं काही सांगायचंच नाही. गुरुवारी मी तुला एकच गोष्ट विचारली होती, भिंतीवर शेवटचा कधी गेलास? तू म्हणालास, "ट्रायल्स चालू होत्या, आठवड्यातून दोनदा जिम, मग पॅनेलचं ट्रेनिंग, वेळ कुठे होता?" त्या उत्तराने मला झोप लागली नाही. नाव गळल्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही.

नोव्हेंबरपासून तू भिंतीवर गेलेला नाहीस. म्हणजे यादी लागायची वेळ जवळ आली आणि तू खेळणं थांबवलंस. पॅनेलच्या ट्रेनिंगला गेलास हे खरं, पण तिथे दुसरा माणूस ठरवतो काय करायचं, किती करायचं, आणि तो वही घेऊन उभा असतो. भिंतीपाशी वही घेऊन कुणी उभं नसतं. क्लबच्या मागची ती करडी भिंत, तिच्यावर स्लिटर, आपला तो चेंडू, मारला की जसा मारला तसा परत येतो. तुझा पहिला टच ढिला असेल तर तो घोट्याला लागून गवतात जातो आणि तुलाच आणावा लागतो. तुझं काय चुकलं हे तिथे कुणी सांगत नाही आणि तरी तुला कळतं.

रोज शंभर. पन्नास उजवीकडून, पन्नास डावीकडून. तू नऊ वर्षांचा असल्यापासून मी हे सांगते आहे. हात बदलायचे नाहीत. उजवा हात वर तो वरच, अंग वळवायचं आणि पाय वळवायचे. पॅनेलच्या शेवटच्या सराव सामन्यात मी कठड्याला टेकून बघत होते. समोरच्या बचावातल्या कॉर्नर-बॅकने पाच मिनिटांत ओळखलं की तू डावीकडून मारत नाहीस. नंतर तो तुझ्या उजव्या खांद्याला चिकटून राहिला आणि तुला प्रत्येक वेळी डावीकडे ढकलत गेला. चार पावलांच्या आत चेंडू हातातून सोडायचा असतो. तू चार पावलं उजवीकडे वळायला जागा शोधण्यात घालवलीस. दोनदा हुक झालास, मागून त्याने हर्लीने तुझी हर्ली अडवली, आणि एकदा ब्लॉक, समोरून चेंडूच अडवला. निवड करणाऱ्यांनी तुझ्यावर अन्याय केला असं तुझे बाबा म्हणतात. मी नाही म्हणणार. त्यांनी जे दिसलं ते बघितलं.

आता माझं ऐक. तुझी आई म्हणते, मी माझी राहिलेली हौस तुझ्यावर काढते. असेल. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात खो-खोचं मैदान शाळेच्या मागेच होतं. मी खांबावर सूर मारायचे तो लोक थांबून बघायचे. पण उजवीकडूनच. डावीकडून खांब घ्यायचा म्हटलं की माझा पाय अर्धा क्षण अडखळायचा, आणि पळणारीला तेवढा क्षण पुष्कळ होतो. सतरा वर्षांची असताना राज्याच्या संघाची यादी लागली. त्यात मी नव्हते. मी त्या संध्याकाळी घरी आले, पायातले बूट धुऊन माळ्यावर टाकले आणि पुन्हा मैदानावर गेले नाही.

पुढे सगळ्यांना मी हेच सांगत आले की परिस्थितीच तशी होती. वडिलांची द्राक्षबाग त्या वर्षी अवकाळी पावसात गेली, नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता, धाकट्या बहिणी होत्या. सगळं खरं आहे. त्या परिस्थितीत माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, आणि नर्सिंग केलं म्हणूनच मी इथवर आले, तुझ्या आईला इथे नोकरीला बोलावलं, आणि तू लिमरिकमध्ये जन्मलास. तेव्हा मी चुकले असं मला कुणी म्हणू नये. पण पाऊस मार्चमध्ये झाला. यादी जानेवारीत लागली होती. मधले दोन महिने मी कुठे होते? खांब तिथेच होता. संध्याकाळी मैदान रिकामं असायचं. मला कुणी अडवलं नव्हतं.

म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी क्लबातल्या बायकांच्या गटात मी हर्ली हातात घेतली तेव्हा सगळ्यात आधी त्या भिंतीपाशी गेले. तुझ्या बाबांना ते चमत्कारिक वाटलं होतं. रात्रपाळी करून आलेली बाई पावसात भिंतीवर चेंडू मारते आहे! मला माझी डावी बाजू हवी होती.

आता तुझ्या त्या प्रश्नाकडे येते. उन्हाळ्यात जे-वन व्हिसावर बोस्टनला जायचं का इथेच राहून परीक्षेचं बघायचं, का सगळं सोडून सॉकर खेळायचं. बोस्टनला जायचं तर जा. तिथे कँटनला आयरिश लोकांची मैदानं आहेत, तिथेही भिंत सापडेल. इथे राहा, तर आपली भिंत आहेच. तू या प्रश्नांवर तीन आठवडे घालवलेस. त्या तीन आठवड्यांत दोन हजार चेंडू झाले असते.

आणि एक गोष्ट, जी तू बोलला नाहीस पण तुझ्या तोंडावर होती. आडनावाची. त्यावर मी फार शाई घालवणार नाही. शॉन ओग ओ हॉलपिन फिजीत जन्मला आणि 2005 साली कॉर्कचा कर्णधार म्हणून डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ऑल-आयर्लंड कप घेऊन सगळं भाषण आयरिशमध्ये बोलला. वेक्सफर्डच्या ली चिनचे वडील मलेशियाचे. झॅक मोरादी इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला, अकरा वर्षांचा असताना लिट्रिमला आला, तोवर त्याने हर्ली बघितलीही नव्हती, आणि 2019 मध्ये लिट्रिमकडून लोरी मेहर कप जिंकला. ती सगळ्यात खालच्या पायरीची स्पर्धा आहे, हे मला माहीत आहे. त्याने तिथे खेळायला नाक मुरडलं नाही. तुला कुणी मैदानावर काही बोललं असेल तर मला नाव सांग, क्लबच्या समितीत मी बघते. पण तुझी डावी बाजू कच्ची आहे त्याचा आडनावाशी संबंध नाही, आणि ही दोन दुखणी तू एकमेकांत मिसळू नकोस.

मला तुझ्याच वयाचा मुलगा सांगायचा आहे. टिपररीचा डॅरा मॅकार्थी. 2025 च्या एप्रिलमध्ये कॉर्कमध्ये सामना होता, चेंडू आत टाकून सामना सुरू होण्याच्या आधीच त्याला लाल कार्ड मिळालं. आधी! टिपररी त्या दिवशी पंधरा गुणांनी हरली. जुलैमध्ये किलकेनीविरुद्ध सेमीफायनल, पुन्हा बाहेर, दोन पिवळी कार्डं. एकोणीस वर्षांचं पोर, सगळा देश त्याच्याबद्दल बोलतोय. आणि दोन आठवड्यांनी, 20 जुलैला, ब्याऐंशी हजार माणसांसमोर ऑल-आयर्लंड फायनल, समोर तेच कॉर्क. मध्यंतराला टिपररी सहा गुणांनी मागे. त्या सामन्यात या मुलाने एक गोल आणि तेरा पॉइंट मारले. टिपररी तीन गोल सत्तावीस पॉइंट, कॉर्क एक गोल अठरा पॉइंट. आपण दोघांनी तो सामना तुमच्या घरी बघितला, आठवतं? तू त्याच्या गोलावर ओरडलास. मी त्याच्या फ्री, फाउलनंतरचे ते मोकळे फटके, बघत होते. प्रत्येक वेळी चेंडू उचलायची तीच लय, तेच पाय, तीच मान. कुणाच्या ओरडण्याने ती लय बदलत नव्हती. अशी लय क्रोक पार्कात येऊन तयार होत नाही. ती कुणी बघत नसताना तयार झालेली असते.

तरी तुला अजून वाटेल की यादीत नाव हेच सगळं आहे. बाळा, या खेळात पगार नाही. करार नाही. 2018 मध्ये लिमरिकने पंचेचाळीस वर्षांनी ऑल-आयर्लंड कप आणला, तू अकरा वर्षांचा होतास, बाबांच्या खांद्यावर बसायला मोठा झाला होतास तरी बसलास. ते खेळाडूही नंतर आपापल्या नोकऱ्यांवर आणि कॉलेजात परतले. ऑगस्ट आला की त्यांतला प्रत्येक जण आपापल्या क्लबच्या जर्सीत, शेजारच्या गावाविरुद्ध खेळतो. तूही त्याच ऑगस्टमध्ये त्याच स्पर्धेत खेळणार आहेस. मग सोडतोस ते काय?

तुझी हर्ली मी नीट बघितली. टोकाची पत्र्याची पट्टी सैल झाली होती आणि बासला, खालच्या चपट्या भागाला, केसाएवढी चीर आहे. गावातल्या हर्लीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने पट्टी बदलली, चीर सांधली, पकडीची टेप नवी गुंडाळली. म्हणाला, सांभाळ, असं अ‍ॅशचं लाकूड आता सहज मिळत नाही. 2012 पासून झाडांना तो रोग लागला आहे, पोरं बांबूच्या हर्ली घेतात. त्याने मला तुझ्या हर्लीतल्या रेघा दाखवल्या. बुंधा जिथे मुळाकडे वळतो तिथलंच लाकूड घेतात, म्हणून त्या दांड्यातून सरळ येतात आणि बासपाशी वळतात. म्हणून ती मोडत नाही. त्याने पैसे घेतले नाहीत. तुझं नाव गळल्याचं त्याला माहीत होतं, पण त्याबद्दल काही बोलला नाही.

शनिवारी माझी सुट्टी आहे. सकाळी सात वाजता मी भिंतीपाशी असेन, हर्ली माझ्याकडे आहे. तू आला नाहीस तर मी माझे शंभर मारून घरी जाईन, पुन्हा विचारणार नाही. नाही, हे खोटं आहे. विचारेन. पुढच्या शनिवारीही विचारेन.

पहिले पन्नास डावीकडून. हेल्मेट आण.

तुझी,
मावशी