शिक्षण-संवाद : विहिरीवरचा तास

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत आहे. दिवाळीपासून त्याचे गुरुजी दर पंधरवड्याला वर्गाला गावच्या विहिरीवर नेऊन पाण्याची मोजमापे घ्यायला लावतात. मुले रमतात, पण तेवढ्या वेळात पुस्तकातला एखादा धडा पुरा झाला असता. विहीर तर तो जन्मापासून पाहतो आहे. त्यातून नवे काय शिकणार?
— एक पालक, जुन्नर तालुका

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, कारण नुसत्या सहलीने कोणी शिकत नाही. मात्र आपण लिहिले आहे त्यावरून ही सहल दिसत नाही. गणिताच्या पुस्तकात वृत्तचितीचे, म्हणजे विहिरीसारख्या नळकांडी आकाराचे, घनफळ असते आणि त्याचे उत्तर शेवटच्या पानावर छापलेले असते. विहिरीचे उत्तर कोठेच छापलेले नसल्यामुळे मुलाला ते स्वतः पडताळावे लागते, आणि परिसरातून शिकण्याचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो.

समजा, विहिरीचा व्यास 6 मीटर आहे आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली दोरी सोडून पाहिल्यावर पाणी 1 मीटरने उतरलेले आढळले. सूत्राने हे पाणी सुमारे 28 हजार लिटर भरते. परंतु मोटारीने उपसलेले पाणी मोजले, तर ते याहून जास्त निघते. मग हे जास्तीचे पाणी आले कोठून? उपसा चालू असतानाही झरे पाझरत असतात, हे मुलाला येथे कळते, आणि गणिताचा तास भूगोलात शिरतो. एक विहीर माघातच तळ गाठते आणि दुसरीला वैशाखापर्यंत पाणी राहते, याचे कारण पुष्कळदा खडकात असते : अखंड काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही, तर मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात ते साठून राहते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरींच्या पातळीची अशीच नियमित नोंद ठेवते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नई तालीम मांडली. पालघर जिल्ह्यातील कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख-शिंपले हीच शिक्षणसाधने केली, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. मला या कामाबद्दल विलक्षण आदर आहे, कारण मुलाचे रोजचे जगणे शिकण्याच्या आड येते, असे त्यांनी कधी मानले नाही.

दोन गोष्टींची खात्री मात्र आपण जरूर करून घ्या. विहिरीला पक्का कठडा असावा आणि दोरी सोडताना मोठे माणूस शेजारी असावे. यात तडजोड नको. दुसरे असे, की पूर्वी या पाणवठ्यावर जातीमुळे कोणाकोणाला पाणी भरू दिले जात नव्हते, हा प्रश्न मुले आज ना उद्या विचारतील. तो टाळू नये, आणि ज्या घरांनी ते सोसले त्यांच्या मुलांना वर्गासमोर उत्तर देण्याची सक्तीही करू नये.

परीक्षेबद्दल म्हणाल, तर सूत्रांचा लेखी सराव घरी अवश्य करून घ्या. त्याची नोंदवही मागून पाहा. विहीर किती परस (माणसाच्या उंचीवरून ठरलेले खोलीचे जुने माप) खोल आहे, हे आजोबांना विचारायला सांगा आणि त्या परसाचे मीटर त्यालाच काढू द्या.